हुलगे की कुळीथ

मी एक जुना वजनकाटा आहे. नावालाच काटा बरं का मित्रांनो, माझ्या अंगावर काटाबिटा काही नाही. एक स्टीलचं ताट, हिरवे आकडे आणि मालाच्या नावांची बटणं, एवढाच माझा संसार. ताटात धान्य टाकून नावाचं बटण दाबलं की माझ्या तोंडातून चिठ्ठी बाहेर यायची. दरवर्षी वजनमापवाले येऊन मला तपासायचे आणि शिक्का मारून जायचे. सहा वर्षांत मी एका ग्रॅमचंही खोटं बोललो नाही. त्याचा मला गर्व होता, आणि खरं सांगू का, अजूनही आहे.

थेरगावात डांगे चौकाजवळ 'घरभर' नावाचं मोठं दुकान आहे. अशी त्यांची तीसेक दुकानं. तिथल्या सुट्या धान्याच्या काउंटरवर माझी नेमणूक झाली आणि माझ्यामागे प्रभावती उभी राहिली. सकाळी आली की ओल्या फडक्यानं माझं ताट पुसायची आणि म्हणायची, "चला भाऊ, शून्यावर या." मी लगेच शून्य दाखवायचो. दिवसभरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच. बाकीचे माझ्याकडे फक्त बघायचे, तेही संशयानं.

प्रभावतीचं घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत होतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुपारच्या सुट्टीत ती पळत जायची, त्यांना चार घास भरवायची आणि पळत परत यायची. एवढ्यासाठी तिनं दोनदा बढती नाकारली होती.

आता गोष्ट हुलग्यांची. घाटावर म्हणतात हुलगे, कोकणात कुळीथ, कडधान्य एकच. सुरुवातीला आमच्याकडे एकच डबा होता आणि त्यावर हेड ऑफिसची पाटी होती, 'कुळीथ'. कणकवलीकडच्या शालनबाई तो आनंदानं न्यायच्या. पण जुन्या थेरगावच्या कस्तुराबाई आल्या आणि अडून बसल्या.

"हुलगं न्हाईत व्हय?"

"मावशी, हेच की ते."

"ह्ये न्हाई. ह्ये बारकं दिसतंय. आमाला शेंगोळ्याला हुलगंच पायजे."

दोन वेळा बिचाऱ्या रिकाम्या हातानं परत गेल्या. शेवटी प्रभावतीनं वरच्या साहेबांना सांगून दुसरा डबा मागवला, त्यावर 'हुलगे' अशी पाटी लावून घेतली आणि मलाही एक नवीन बटण मिळालं. दोन्ही डबे ती एकाच पोत्यातून भरायची! कस्तुराबाईंनी मूठभर दाणे हातावर घेतले आणि म्हणाल्या, "ह्ये खरं हुलगं!" तिकडे शालनबाई नाक मुरडायच्या, "हुलगे नको गो बाय, माका कुळीथच होये." प्रभावती माझ्यावर वाकून खुदुखुदु हसायची. आम्हा दोघांचं ते गुपित होतं. सहा वर्षांत त्या दोन म्हाताऱ्या हुलगे चांगले की कुळीथ यावरून काउंटरवर रोज भांडल्या, आणि कधी नाही ते माझ्याभोवती चार माणसं जमू लागली.

मग गेल्या वर्षी भिंतीवर एक कागद लागला. दुकानातल्या प्रत्येक फूट जागेनं आपला खप दाखवलाच पाहिजे, असा नवा नियम होता. ज्या मालाचा खप महिन्याला चाळीस किलोच्या खाली, तो माल बंद. आणि ज्या काउंटरवर दहा चालते माल नाहीत, तो काउंटरच बंद. काउंटर बंद झाला तर तिथली माणसं चाकणच्या गोदामात जायची होती. पहाटेची कंपनीची बस आणि संध्याकाळपर्यंत परतणं नाही.

प्रभावतीनं बोटावर मोजलं. नऊ माल पक्के होते. दहावा? हुलगे सत्तावीस किलो, कुळीथ चोवीस किलो. वेगवेगळे धरले तर दोन्ही नापास, एकत्र धरले तर पास. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हेड ऑफिसचे साहेब तपासायला आले की हळूच बाजूला घेऊन सांगते." मला कान नाहीत, तरी मला ते ऐकू आलं.

हेड ऑफिसचे प्रज्वलसाहेब आले ते नेमके सात तारखेला. कंपन्यांचे पगार झालेले, काउंटरवर ही गर्दी. रांगेत पुढे कस्तुराबाई आणि त्यांच्यामागे शालनबाई. साहेब माणूस वाईट नव्हता. तरुण होता, नम्र होता आणि डोळेही उघडे होते. त्यानं दोन्ही डब्यांत हात घातला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, मला हे दोन्ही सारखंच दिसतंय. एकच माल आहे का? तसं असेल तर मी खप एकत्र धरतो."

अहो, देव पावला होता! मी मनात ओरडत होतो, सांग गं प्रभा, सांग!

तिनं कस्तुराबाईंकडे बघितलं. सहा वर्षं ज्या बाईला 'हे तुमचं खरं हुलगं' म्हणून दिलं, तिच्या तोंडावर कसं सांगायचं? फसवलं म्हणेल. सगळी रांग म्हणेल. तिचा चेहरा उतरला.

"नाही साहेब," ती म्हणाली. "वेगळं आहे ते."

"नक्की?"

"नक्की."

साहेबानं लिहून घेतलं. मला कुणी विचारलंच नाही, आणि विचारल्याशिवाय बोलणं माझ्या जातीत नाही. रांग सरल्यावर प्रभावती बाहेर धावली, पण गाडी मारुंजीच्या दुकानाकडे निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या दुकानाच्या साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "यादी वर गेली ताई. काल विचारलं तेव्हा काय झालं होतं?"

काउंटर बंद झाला आणि तिची चाकणला बदली ठरली. शेवटच्या दिवशी तिनं मला पुसलं. नेहमीचं वाक्य म्हणाली नाही. नुसता हात ताटावर ठेवून उभी राहिली. दोनशे दहा ग्रॅम. तिच्या हाताचं वजन मला अजून पाठ आहे.

तेव्हापासून मी मागच्या खोलीत, दाराशेजारच्या फळीवर पडलो आहे. वायर काढलेली, त्यामुळे शून्यसुद्धा दाखवता येत नाही. फार एकटं वाटतं हो. सासूबाईंना दुपारी आता शेजारीण भरवते, असं दुकानातल्या मुली बोलताना ऐकलं. पण सासूबाई नीट खात नाहीत म्हणे.

मागच्या आठवड्यात माझ्या दाराबाहेरच्या रॅकवर कडधान्यांची नवी पाकिटं आली. कस्तुराबाईंना वाचता येत नाही. त्यांनी पाकीट शालनबाईंपुढे धरलं.

"काय लिवलंय गं?"

"कुळीथ," शालनबाईंनी वाचलं. मग थांबल्या. "आणि खाली... हुलगे."

"दोनी? एकाच पाकिटात? म्हंजी प्रभा आपल्याला एकाच पोत्यातलं देत हुती?"

आता शिव्या पडणार, असं मला वाटलं.

आणि कस्तुराबाई हसल्या! पोट धरून हसल्या. "लबाड गं लबाड! माजं मन राखाया येवडा खटाटोप केला व्हय पोरीनं!" शालनबाईंच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघी हसत राहिल्या. मग कस्तुराबाईंनी विचारलं, "कुटं गेली गं ती?"

"कोण जाणे," शालनबाई म्हणाल्या. दोघींनी एकेक पाकीट घेतलं आणि गेल्या.

मित्रांनो, मला चालता येत नाही आणि फोन करता येत नाही. तुमच्यापैकी कुणाची आई, कुणाचे बाबा चाकणच्या गोदामात कामाला असतील. तिथे प्रभावती नावाची बाई भेटली, तर माझा एवढा निरोप द्या. तिला सांगा, कस्तुराबाई रागावल्या नाहीत. तेव्हाही रागावल्या नसत्या.