रिकामा ड्रायर

घरच्यांचा विरोध असेल तर माणूस काही ना काही मार्ग काढतो. घरच्यांचा पाठिंबा असेल, तर मात्र पळायला वाट उरत नाही. ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या वरच्या घरात एक्कावन्न वर्षांच्या बाईनं कपाटावरून व्हायोलिनची पेटी खाली काढली, तेव्हा तिला असा पाठिंबा मिळाला की विचारू नका.

लग्नाआधी ती वाजवायची. मग लग्न, मुलगी, दुकानाचा काउंटर, आणि अठ्ठावीस वर्षं पेटी बंद. तिला कोणी मनाई केली नव्हती. केली असती तर एक वेळ बरं झालं असतं, ती भांडून वाजवत राहिली असती. ते नुसतं राहून गेलं, आणि राहून गेलेल्या गोष्टीसाठी कोणाच्या नावानं खडे फोडायचे?

यंदा निमित्त झालं एका कोटाचं. कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायचे, हे काम तिचं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात गजाला घासायच्या राळेचा तुकडा निघाला. तिनं तो पावतीबरोबर टाचून प्रामाणिकपणे परत केला, आणि त्याच रात्री जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं की मी पुन्हा वाजवणार आहे.

घर लगेच कामाला लागलं. मुलगी दातांच्या दवाखान्यात सकाळची पाळी करायची. तिनं फोनवर शोधशोध करून, मोठेपणी वाद्य हाती घेणाऱ्याला घरच्यांनी साथ कशी द्यावी याचे नियम काढले आणि फ्रिजवर चिकटवले. ठरावीक वेळ द्या. टोमणे मारू नका. कौतुक करा. नवऱ्यानं वरच्या खोलीतले जुन्या हँगरचे खोके हलवून खिडकीपाशी खुर्ची ठेवली. धाकटा दीर दुकानात वाफेच्या इस्त्रीवर उभा असायचा; त्यानं वही अडकवायला भिंतीत हूक ठोकला. दुपारी दोन ते तीन गिऱ्हाईक नसतं, म्हणून तीच वेळ ठरली.

ती संध्याकाळी व्हायोलिनच्या ज्या वर्गाला जायची तिथल्या बाई कडक होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आपलाच कान आपल्याला फार लवकर माफ करतो. घरी कोणाला तरी ऐकायला सांगा. कुठं बिघडतंय ते ऐकणाऱ्याला कळतं."

म्हणून ती रोज तीन वाजता जिना उतरून विचारायची, "कसं झालं आज?"

"छान!" मुलगी म्हणायची.

"कालच्यापेक्षा कितीतरी बरं," नवरा म्हणायचा.

"वहिनी, आज तर इस्त्री थांबवून ऐकत होतो," भावजी म्हणायचे.

माणसाला खरं तर इतकं पुरतं. तिला मात्र पुरत नव्हतं. बोटं पूर्वीसारखी पळत नव्हती, वर्गात दिलेल्या धुनेतल्या मधल्या चढाच्या जागी काहीतरी घसरतंय असं वाटायचं, पण नक्की कळायचं नाही. ज्या गोष्टीवर अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिचा जीव होता ती परत येतेय की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. येत नसेल तर तेही चाललं असतं. खालची माणसं येतेय म्हणत होती, आणि ती त्यांच्यावर विश्वास ठेवून अकरा आठवडे रोज जिना चढत होती.

बुधवारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिच्या व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार तुटली.

दुसरी तार घरात नव्हती. तिनं गज पेटीत ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. नंतर खिडकीची काच पुसली. उरलेला वेळ ती समोरच्या गच्चीवरचे कपडे बघत बसली. धंद्याची खोड म्हणा, पण त्यातले दोन शर्ट वाळत घालताना पिळवटलेत हेही तिच्या लक्षात आलं. त्या तासात एक सूर वाजला नाही. तीन वाजता ती खाली उतरली आणि तार तुटल्याचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, आज तर कमालच केलीस!"

ती पायरीवरच थांबली.

"हो ना," नवरा म्हणाला. "मधला तो भाग आज अगदी जमला."

"वहिनी, अंगावर काटा आला," भावजींनीही आपला हातभार लावला.

काटा आता तिच्या अंगावर आला. दुकानात कसला तरी आवाज चालला होता, रोज या वेळी चालायचा तोच. मोठा ड्रायर घरघरत होता. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ड्रायर फिरणारच, त्याच्याकडे लक्ष कोण देतं? आज तिनं दिलं. बुधवारी ओले कपडे दोनच्या आधीच संपतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ती सरळ चालत गेली आणि तिनं ड्रायरचं दार उघडलं. आतलं पिंप दोन फेरे मारून थांबलं. आत कपडा नव्हता. कोणाच्या तरी कोटाचं एक सुटं बटण तळाशी पडलं होतं.

"हे काय?"

"ड्रायर," भावजी म्हणाले.

"ते दिसतंय मला. रिकामा का फिरतोय?"

मुलगी फ्रिजवरचे नियम तिथून दिसत असल्यासारखी जिन्याकडे बघू लागली. शेवटी नवऱ्यानंच तोंड उघडलं. "अगं, तो शेजारचा चष्मेवाला. तू सुरुवात केलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी येऊन विचारायला लागला, तुमच्या मशीनमध्ये मांजर अडकलंय का म्हणून. दोन गिऱ्हाइकं हसली. म्हटलं, तुझ्या कानावर जायला नको. ड्रायर लावला की बाहेर काही ऐकू जात नाही."

"आणि आत?"

"आतही नाही," मुलगी हळूच म्हणाली.

"म्हणजे अकरा आठवड्यांत तुम्ही मला एकदाही ऐकलं नाहीत."

"पहिल्या दिवशी ऐकलं होतं," भावजी म्हणाले, आणि नवऱ्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते निमूटपणे इस्त्रीकडे वळले.

तिला रडू यायला हवं होतं. तिला राग आला, आणि तो इतका स्वच्छ होता की तिचा आवाजही चढला नाही. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? उद्या वर्गात सगळ्यांसमोर वाजवायची वेळ आली असती, तर तिथं कुठला ड्रायर लावणार होतात?"

"तुझ्यासाठीच केलं गं."

"अहो, काउंटरवर उभं राहून परक्या माणसाला तोंडावर सांगता ना, हा डाग निघणार नाही, उगाच आशा लावत नाही? सगळी गल्ली तुमच्याकडे कपडे टाकते ती त्याच एका गोष्टीसाठी. परक्याच्या शर्टाला खरं सांगता आणि मला खोटं?"

"शर्टाशी माझं काही नातं नाही," नवरा म्हणाला.

यावर दुसरी कोणी विरघळली असती. तीही क्षणभर विरघळली, खोटं कशाला सांगू. पण क्षणभरच.

"मग नीट ऐका," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं हात लावला नाही, आता वाईटच वाजणार. ते वाईट वाजवणं माझं आहे. ते ऐकून मला नावं ठेवा, चालेल. ऐकायचं नसेल तर गप्प बसा, तेही चालेल. पण न ऐकता छान म्हणायचं, हे यापुढं या घरात चालणार नाही."

त्या रात्री मुलीनं फ्रिजवरचा कागद काढून टाकला. दुसऱ्या दिवशी आईनं नवी तार आणली, वर जाऊन खुंटी पिळून ती चढवली, सूर लावला आणि पेटी बंद केली. दोन ते तीन ती वर फिरकलीच नाही. ड्रायरही गप्प होता. राग ओसरला, असं नवऱ्याला वाटलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतरही माणूस असा चुकतो.

शुक्रवारी पाच वाजता दुकानात पाय ठेवायला जागा नसते. शनिवार-रविवारसाठी सगळ्यांना कपडे त्याच वेळी हवे असतात. काउंटरपाशी एक बसचालक गणवेशासाठी उभा होता, एक बाई पडद्यांचं बोचकं घेऊन आली होती, मागं आणखी चारपाच जण होते. इस्त्री फुसफुसत होती, ड्रायर घरघरत होता, आणि या वेळी तो खरोखर भरलेला होता.

ती जिना उतरली ती व्हायोलिन हातात घेऊनच. तिनं आधी ड्रायरचं बटण बंद केलं.

"वहिनी, आत ओले कपडे आहेत!"

"राहू देत ओले. भावजी, इस्त्रीही ठेवा जरा."

दुकान इतकं शांत झालं की बसचालकानंही फोन खिशात टाकला. ती काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहिली, हनुवटी टेकवली आणि वर्गातली ती साधी धून सुरू केली.

पहिल्या चार सुरांत गज तारेवर दोनदा उडाला. पुढं जरा बस्तान बसलं, आणि मग मधला चढ आला, लागोपाठ दोनदा. तिथं जे व्हायचं ते झालं. पडदेवाल्या बाईनं दुसरीकडे बघितलं. मागं कोणीतरी खुसखुसलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण गज थांबला नाही. हसा, ती मनात म्हणाली, आता तरी ऐकून हसताय.

तेवढ्यात चष्मेवाला दारात आला. "काय मास्तर, सापडलं का मांजर?"

नवऱ्याचा हात ड्रायरच्या बटणाकडे गेला. तिला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. ती थांबली नाही, उलट तिनं गज आणखी दाबला. बटणापासून वीतभर अंतरावर तो हात घुटमळला. मग नवऱ्यानं तो मागं घेतला.

"बायको वाजवतेय माझी," तो चष्मेवाल्याला म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचेल इतका मोठा. "ऐकायचं असेल तर आत या. नसेल तर दार लावून घ्या, रस्त्याचा आवाज येतोय."

चष्मेवाला आतही आला नाही आणि गेलाही नाही. तिनं धून शेवटपर्यंत नेली आणि गज खाली घेतला.

"कसं झालं?"

मुलगी पावत्यांची चळत सारखी करू लागली. भावजी इस्त्रीच्या मुठीकडे बघत राहिले. सगळ्या दुकानाच्या नजरा नवऱ्यावर होत्या.

"वाईट झालं," तो म्हणाला. "सुरुवातीला गज उडाला, ते सोड. मधे वर चढतेस ना, तिथं सूर खाली राहतो. दोन्ही वेळा राहिला. आणि शेवटी तू नुसती पळत सुटलीस."

तिला लागलं. चांगलंच लागलं. आणि त्याच वेळी अकरा आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या पायांखाली जमीन आली. या माणसानं एकूण एक सूर ऐकला होता. कुठं घसरतं ते आता तिला ठाऊक होतं. जे ठाऊक आहे त्याच्याशी भांडता येतं.

"पळाले, कारण सगळे बघत होते," ती म्हणाली.

"मग आम्ही डोळे मिटू का?" भावजींनी विचारलं.

"मुळीच नाही."

"ताई," बसचालक चाचरत म्हणाला, "माझा तेवढा गणवेश..."

"पाच मिनिटं थांबा, दादा. मधला भाग पुन्हा वाजवायचाय." ती नवऱ्याकडे वळली. "सूर खाली राहिला की हात वर करा. लाजू नका."

तिनं मधल्या भागापासून सुरुवात केली. चढ आला, आणि छप्पन्न वर्षांच्या त्या माणसानं भर दुकानात, शेजाऱ्याच्या देखत, हात वर केला. ती थांबली. मागं गेली, पुन्हा चढली. पुन्हा हात वर झाला. चष्मेवाला मोठ्यानं हसला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं बोट केसभर वर सरकवलं आणि तिसऱ्यांदा गज टेकवला.