दगडी कुत्र्याचा हृदयरोग

देवळाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. देवदारांखाली गेन्झानबुवांनी काळंभोर भांडं मांडलं होतं. कागदाची पांढरी बाहुली दुखऱ्या जागेवरून फिरवायची, भांड्यात बुडवायची. वर यायची ती लालभडक!

"निघाला! रोग निघाला!" बुवा गरजत आणि गर्दी टाळ्या वाजवून देवापुढे वाके.

निवृत्त विज्ञानशिक्षिका किनुयो धाकटी बहीण फुमिए हिच्याबरोबर आली होती. मागच्या खेपेला फुमिएची बाहुली लाल निघाली आणि बुवांच्या सांगण्यावरून तिनं हृदयाच्या गोळ्या बंद केल्या. आज पायऱ्या चढताना तिला जागोजागी बसावं लागलं होतं.

"ताई, वाद घालू नकोस हं."

"छे गं, नुसती बघते."

बघता बघता किनुयोनं एक बाहुली उचलली, दारातल्या दगडी कुत्र्याच्या छातीवरून फिरवली आणि बुडवली. लालभडक!

"अगंबाई, यालाही हृदयरोग!"

हशा पिकला. बुवा चपापले, पण सावरले. "हा राखणदार साऱ्या गावाचं दुखणं छातीवर घेतो, बाई!"

"किती मायाळू! आता बहिणीचं बघू." तिनं पर्समधला साधा कागद फुमिएच्या छातीवरून फिरवून बुडवला. तो मळकट जांभळा निघाला. मग तिनं डब्यातलं ‘उमे’ नावाच्या आंबट फळाचं फिकट लोणचं त्यावर पिळलं. कागद लालेलाल!

"अय्या, हे तर शिसोच्या जांभळ्या पानांचं पाणी!" गर्दीतली एक बाई ओरडली. "लोणच्यात पानं घातली की अस्संच होतं!"

"तेच. आंबट लागलं की ते लाल होतं. काळ्या भांड्यात पाण्याचा रंग दिसत नाही, आणि बाहुल्या आधीच लोणच्याच्या खारात भिजवून वाळवल्यात. चाटून बघा."

एका आजोबांनी कोरी बाहुली चाटली आणि डोळे गच्च मिटले. "आंबटढाण!"

"श्रद्धा नसेल तिथं..." पुटपुटत बुवांनी भांडं उचललं आणि मागची वाट धरली.

फुमिए मात्र हसत नव्हती. "पण ताई, मला खरंच हलकं वाटलं होतं गं."

"वाटलं असेलच. त्यानं हात हातात घेऊन तुझं ऐकलं. पण हलकं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. चल."

दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाचा आलेख पाहिला आणि तिला तडक मोठ्या इस्पितळात धाडलं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. फुमिए वाचली.

ती घरी परतली तेव्हा विचारपूस करायला आलेल्या शेजारणींना किनुयो म्हणाली, "देवापुढे खुशाल वाका. पण औषध सोड म्हणणाऱ्याला आधी 'ते कसं काय?' एवढं विचारा. देव काही रागावणार नाही. बुवा रागावेल, तेवढ्यावरूनच ओळखा."