दोनदा दाबला की लागतो

मी एका जुन्या विलायती मोटारीचा ब्रेक बोलतोय. चालकाच्या उजव्या पायाखाली असतो ना लोखंडी तुकडा, तोच मी. मला कुणी विचारलं नाही म्हणून आजवर गप्प होतो. पण करीम मिस्त्रीच्या नावावर जे खपवलं गेलं, ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. खरं काय ते मला ठाऊक आहे, कारण सगळं माझ्यावरच घडलं.

बोटीतून मुंबईला उतरलो तेव्हा मी कडक होतो. खडकीच्या छावणीतला एक गोरा साहेब माझा पहिला मालक. सत्तेचाळीस साली तो मायदेशी निघून गेला आणि गाडी चिंचवडच्या उद्धवरावांनी घेतली. हे विटांचे कंत्राटदार. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, त्यामुळे त्यांच्या भट्ट्या जोरात होत्या. गाडीला नवा रंग आला, गादीला नवी खोळ आली. माझ्याकडे कोण बघतो? मी पायाखालचा.

गाडी चालवायचा चिमाजी, मावळातला गडी. मी हळूहळू मऊ पडत चाललो, हे सगळ्यात आधी त्याच्या पायाला कळलं. पहिल्या दाबाला मी थेट तळाला जायचो. लगेच पुन्हा दाबलं की मग कुठे अंगात जोर यायचा. पण माणसाला सवयीचा भारी लळा. चिमाजी तक्रार करायची सोडून फुशारकी मारू लागला. "आमच्या गाडीची खोड हाय ती. दोनदा दाबला की लागतो," असं तो इतर चालकांना सांगायचा, आणि उद्धवरावांनाही ते पुरायचं.

शेवटी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी दापोडीला लक्ष्मणरावांच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात आली. तिथला मिस्त्री करीम. तो माझ्यावर पाय ठेवून नुसता बसला. मला दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग खाली उतरून एकेका चाकामागे हात फिरवला. मागच्या एका चाकाशी बोटं ओली झाली.

"चिमाजीभाऊ, ही खोड नाही, दुखणं आहे," तो म्हणाला. "चाकातलं रबर गेलंय. तिथून ब्रेकचं तेल गळतं आणि तेलाच्या नळीत हवा शिरते. तू दाबतोस तो जोर चाकापर्यंत जातच नाही, हवाच दबते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवं रबर घातलं, तेल भरलं. आता नळ्यांतली हवा काढायची राहिली. चिमाजीने मला दाबून धरायचं आणि करीमने चाकामागचा बारीक स्क्रू पान्याने सैल करायचा, की तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहायचं, प्रत्येक चाकाला. एक चाक झालं होतं, तेवढ्यात लक्ष्मणरावांनी हाक मारली. पूजेची वेळ झाली होती. "आधी हत्यारं धुऊन दे."

करीमने रॉकेलने सगळे पाने स्वच्छ केले. दरवर्षी तोच करायचा, मनापासून करायचा. पाटावर ते ओळीने मांडले गेले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. आता उद्या दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही तिथली रीत.

दुपारी उद्धवराव हजर. उद्या गाडी दाराशी उभी हवी, तिचीही पूजा व्हायची होती.

"रावसाहेब, तीन चाकांत हवा आहे अजून," करीम म्हणाला. "लक्ष्मणराव, एकच पाना द्या. पुन्हा धुऊन जागेवर ठेवतो."

"मांडलेलं हत्यार उचलत नाहीत, करीम. तुला का ठाऊक नाही?"

"मग गाडीही उचलू नका."

उद्धवरावांच्या कपाळाला आठी पडली. ते चिमाजीकडे वळले. "काय रे चिमाजी, लागतो ना ब्रेक?"

"लागतोय की मालक. दोनदा दाबला की लागतो."

"मग तू हो पुढे. मी प्रसाद घेऊन टांग्याने येतो."

करीम फाटकापर्यंत गाडीच्या बाजूने चालत आला. "हळू ने," एवढंच म्हणाला.

कासारवाडीच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी आली. कडब्यावर माणसं बसलेली. चिमाजीने मला दाबलं, मी तळाला गेलो. दुसऱ्यांदा दाबायला वेळच मिळाला नाही. त्याने गाडी बाभळीवर घातली. बैलगाडीतली माणसं वाचली. चिमाजीचा उजवा पाय माझ्या आणि वाकलेल्या पत्र्याच्या मध्ये सापडला. तो गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलीस आले तेव्हा लक्ष्मणराव म्हणाले, "करीमने काम अर्धवट टाकलं." उद्धवरावांनी मान डोलावली. पाना कुणी दिला नाही, हे कुणाच्याच तोंडून निघालं नाही. करीमची नोकरी गेली. आसपासच्या कुठल्याच कारखान्यात त्याला कुणी उभं करेना. मला तेव्हा संताप आला होता, अजूनही येतो.

गाडी दुसरीकडे दुरुस्त झाली. तिथल्या मिस्त्रीने फक्त उरलेली हवा काढली आणि मी पुन्हा कडक झालो. उद्धवराव म्हणाले, "बघा, चांगल्या हातात गेला की कसा होतो."

चिमाजीला त्यांनी भट्टीवर राखणदार ठेवलं. एके दिवशी करीम तिथे आला. मी जवळच गाडीत होतो.

"एकदा खरं सांग, चिमाजीभाऊ. तुझ्या तोंडून निघालं तर लोक ऐकतील."

चिमाजीने कुबडी चाचपली. वर बघायची त्याची हिंमत झाली नाही. "पाय गेला, करीमभाई. आता भाकरी पण घालवू व्हय?"

करीमने वाद घातला नाही. जाता जाता गाडीचं दार उघडून तो वाकला आणि तळहाताने मला दाबून पाहिलं. "बरा झाला," म्हणाला, आणि सडकेला लागला. त्यानंतर तो या भागात दिसला नाही.

मी अजून उद्धवरावांच्याच गाडीत आहे. कधी दापोडीकडे गेलात आणि करीम मिस्त्रीचा विषय निघाला, तर माझ्या वतीने एवढं सांगा. काम त्याने टाकलं नव्हतं. ते त्याच्या हातातून काढून घेतलं होतं.