टेबलावर गाल

दिनकररावांनी जेवणाच्या टेबलावर गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि समोरच्या लांब कागदी पट्टीकडे तिरपं पाहत राहिले.

"बाबा, मान आखडेल," मृण्मयी म्हणाली. "आणि मला चारच्या मीटिंगमध्ये मार्ग द्यायचाय."

ग्रीनलंडच्या हिमस्तरावरून मोहिमेच्या स्लेजगाड्या कुठून न्यायच्या, हे यंदा पहिल्यांदाच तिने ठरवायचं होतं. तिथे बर्फातल्या भेगांवर वारा हिमाचं झाकण घालतो. वरून सगळं सपाट दिसतं. त्या पट्टीवर रडारने टिपलेल्या आतल्या थरांच्या करड्या रेघा होत्या. पंधरा दिवस त्या तपासून तिने वर निळी रेघ ओढली होती. सहा माणसं त्या रेघेवरून चालणार होती.

"इथे पाइप आहे," दिनकरराव म्हणाले.

"ग्रीनलंडमध्ये?"

"ते तू बघ. मी कमान दाखवतोय."

पुण्याच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. रस्ता खणण्याआधी रडारने पाइप हुडकायचे, हे त्यांचं शेवटचं काम; रडारच्या कागदावर पाइप कमानीसारखा उमटतो. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला लेकीकडे आल्यापासून ते फुटपाथवरची लोखंडी झाकणं न्याहाळत हिंडत.

मृण्मयीने हसत त्यांच्याशेजारी गाल टेकवला. तिरप्या नजरेला रेघा एकमेकींजवळ सरकल्या. निळ्या रेघेखाली भुवईसारखी एक फिकट कमान उमटली. तिच्या शेजारी दुसरी.

ती उठली. लॅपटॉपवर मूळ नोंदी उघडून पुन्हा पुन्हा पाहिल्या.

"भेगेच्या दोन कडा आहेत, बाबा. मधे पोकळ."

"मग वळसा घाल. आम्ही रस्ता वळवला की लोक शिव्या द्यायचे. तुला तिथे कोण देणार?"

तिने रेघ सहाशे मीटर पूर्वेला सरकवली.

चार वाजता पडद्यावर मोहिमेची प्रमुख मारिट आणि मागे चौघे सहकारी दिसले.

"हे आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही," मारिट म्हणाली. "तू कसं पाहिलंस?"

"मी नाही, बाबांनी." मृण्मयीने लॅपटॉप वळवला.

दिनकररावांनी स्वेटर नीट केला. "पेपर फ्लॅट. हेड ऑन टेबल. वन आय क्लोज."

मारिटने आपल्याकडची पट्टी टेबलावर पसरली. सावकाश तिचं डोकं खाली गेलं. मग एकेक करून बाकीच्यांचं. पडद्यावर पाच आडवे चेहरे आणि पाच कान उरले.

दिनकरराव मृण्मयीकडे झुकले.

"त्या कडेच्याला सांग," ते हळूच म्हणाले, "त्याचे दोन्ही डोळे उघडे आहेत."