हळदीचा गुण

ताटली भिंतीवर आपटली, जमिनीवर गरगरली आणि पलंगाखाली गेली. खाटकाच्या बायकोने ताटलीकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. डाग गेल्या आठवड्यापेक्षा वीतभर वर होता. म्हणजे गोळ्यांचा गुण येत होता.

हळदीच्या अर्काच्या त्या गोळ्या परगावच्या मुलाने बापासाठी पाठवल्या होत्या. तिने औषधवाल्याला विचारलंही होतं. तो म्हणाला, सांधेदुखीत कुणाकुणाला थोडा आराम पडतो, कुणाला ढिम्म फरक पडत नाही. डॉक्टरांच्या कानावर घाला, दोन महिने देऊन बघा आणि काय होतंय ते लक्षात ठेवा. लक्षात ठेवणं अवघड नव्हतं. पहिल्या पंधरवड्यात नवऱ्याने भिरकावलेला चमचा लागला, तोही पायाला. महिन्याने पेला, खांद्याला. आता ताटली. स्टूल अजून त्याला पेलत नव्हतं, पण प्रयत्न चालू होते.

चार वर्षांपूर्वी त्याची बोटं आणि मनगटं आखडली, तेव्हा सगळी आळी हळहळली. तीही हळहळली, चारचौघांत हळहळावं लागतं. त्याआधीच्या बावीस वर्षांत तिच्या दोन बरगड्या आणि एक दात कामी आला होता. मूठ वळेनाशी झाली आणि घरात शांतता नांदू लागली. दुकान तिने हाती घेतलं. सुरुवातीला ती हाडावरच घाव घालत बसे, सुरा बोथट होई. मग कळलं, जोर लावायचाच नसतो. अंगठ्याने सांध्याची खाच चाचपायची, पातं तिथे टेकवायचं. तंगडी आपणहून सुटी होते.

गोळ्या गटारात टाकाव्यात असं रोज मनात यायचं. पण तो कण्हायला लागला की तिला ऐकवत नसे. दोन्ही जेवणांनंतर ती गोळी आणि पाणी देत राहिली, आणि दिल्यावर दोन पावलं मागे सरकत राहिली.

एका दुपारी तो आपणहून दुकानात आला. समोर चार गिऱ्हाइकं होती.

"हो बाजूला," तो म्हणाला. "मालक बरा झालाय."

"एवढी तंगडी होऊ द्या."

त्याचा हात उठला, पूर्वीसारखाच, पार कानामागून. तिने सुरा ओंडक्यावर ठेवला आणि त्याचं मनगट वरच्या वर धरलं. तिला काही करायचं नव्हतं. अंगठा मात्र सवयीने खाचेत जाऊन बसला.

खाटकाचा चेहरा पांढरा पडला. गिऱ्हाइकांना एकाएकी तराजूचं कुतूहल वाटू लागलं.

"इथं दुखतं?" तिने विचारलं, घरी रोज विचारायची तसंच.

त्याने होकारार्थी मान हलवली. तिने अंगठा लगेच काढला नाही. खाच कुठून कुठपर्यंत आहे ते नीट चाचपलं, मग हात सोडला आणि तंगडी पुरी केली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. गोळ्या संपत आल्या असतील, गुण येत असेल तर आणखी दोन डब्या पाठवतो, म्हणाला. तिने फोन नवऱ्याच्या तोंडाशी धरला.

"तुम्हीच सांगा. दुखणं तुमचं."

खाटकाने तिच्याकडे पाहिलं. मग फोन धरलेल्या तिच्या बोटांकडे.

"काही फरक नाही रे," तो म्हणाला. "उगाच पाठवू नकोस."