चौदा दिवसांचा मुक्काम

लिफ्टवाल्याने थाप मारली, तीही बायकोला. "कामावर सुट्टीच मिळेना गं, पोरीची लस राहूनच गेली," असं फोनवर सांगून मोकळा झाला. सुट्टी कसली डोंबलाची! हा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, चार वर्षं परदेशात एका खोलीत एकटा. सात वर्षांची लेक, ठकी, महिनाभर राहायला आलेली, मामाने आणून सोडलेली. शुक्रवारचं परतीचं विमान. आणि मध्येच आपल्या देशाचा नवा नियम आला: मूल परत आणायचं तर लस टोचून चौदा दिवस उलटलेले हवेत.

लबाडाने दवाखान्याची मिळालेली वेळ दोनदा रद्द केली. लस लांबली की विमानही लांबणार, साधं गणित. आता याला काय म्हणावं! पण चार वर्षांनी त्याच्या खोलीत कुणीतरी "बाबा, पाणी" म्हणत होतं. तिच्यासाठी त्याने दुसरी उशी आणली होती.

ठकीचा पुढचा दात आठवडाभर हलत होता. तो आईसमोरच पडायला हवा, असं तिने ठरवून टाकलेलं. बिस्किटसुद्धा दुधात बुडवून एका बाजूने खायची. "बाबा, शुक्रवारपर्यंत टिकेल ना?" रोज विचारायची. हा म्हणायचा, "टिकेल की!"

बुधवारी दवाखान्यात नर्सने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "दोनदा वेळ दिली होती. दोन्ही वेळा तुम्हीच रद्द केलीत. आता आजपासून चौदा दिवस थांबावं लागेल हिला."

ठकीने मान वर करून बापाकडे पाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुई टोचली. पोर रडली नाही, पण दात इतके घट्ट आवळले की हलणारा दात निखळून बाहेरच आला. नर्स हसली. "अगं बाई! बाबांकडे दे, हरवेल."

ठकीने मूठ मिटली. "आईचा आहे तो."

निघताना 'दुसरा डोस कधी?' असं विचारायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. लाज वाटून त्याने गिळलं.

बसथांब्यावर त्याने विचारलं, "रागावलीस?"

तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून. रागावली असती तर बरं झालं असतं, समजूत तरी काढता आली असती.

बस आली. ठकी खिडकीशी बसली, मूठ मांडीवर.

"बाबा, आणखी एक टोचायची नाही ना?"

"नाही गं बाळा, एकच. खूप दुखतंय का?"

"दुखत नाहीये," ती म्हणाली. "मला घरी जायचंय."