लाइन कधी येणार?

"काका, काम झालंय. सोडा लाइन!"

फोनवर तारांच्या कामावर गेलेल्या दोघांपैकी एकजण ओरडत होता. सबस्टेशनात बसलेल्या लाइनकाकांनी वीज सोडायच्या ब्रेकरवर लटकणाऱ्या लाल पाटीकडे पाहिलं. 'माणसं काम करत आहेत.'

"लाइन तू घेतली होतीस?"

"मी नाही, तुमच्या जावयानं. पण आम्ही दोघं एकत्रच..."

"मग त्याला फोन दे."

"त्याच्या फोनची बॅटरी गेलीय. इथंच कुठंतरी असेल. एव्हाना उतरला असेल की!"

"असेल?" काकांनी विचारलं आणि फोन आपटला.

ज्यानं काम करायला लाइन बंद करून घेतली, त्यानंच ती परत करायची, आणि तीही स्वतःच्या तोंडानं. जोडीदाराचा आवाज चालत नाही, साहेबाचा तर त्याहून नाही. हा दंडक काकांना त्यांच्या उस्तादानं घालून दिला होता, आणि उस्तादाला एका मेलेल्या सोबत्यानं.

काकांना लाइनकाका हे नाव उगीच पडलं नव्हतं. इंग्रजीतला हा एकच शब्द त्यांच्या हाती लागला आणि जन्माची ददात मिटली. वीज गेली की लाइन गेली. दुकानात गर्दी म्हणजे लाइन. कुणाचा मुलगा वाया गेला तर त्याची लाइन चुकली, नोकरीला लागला तर लाइनीला लागला. डॉक्टर पटला नाही तर तो आपल्या लाइनीतला नव्हे. "तुमच्याशी संसार करायला दुसरा शब्द लागतच नाही," असं बायको म्हणायची. पण त्यांच्याच सबस्टेशनच्या लाइनमननं त्यांच्या मुलीवर लाइन मारली आणि तिनं घरी न विचारता त्याच्याशी लग्न केलं, तेव्हा हा हुकमी शब्दही काकांच्या घशात अडकला.

तेव्हापासून जावयाशी बोलणं फक्त ड्यूटीपुरतं. "लाइन घेतो." "घे." "सोडा लाइन." "सोडली." मुलीशी तेवढंही नाही. फक्त दिवे गेले की ती तक्रारीच्या नंबरवर फोन करायची, परक्या ग्राहकासारखी.

"लाइन कधी येणार?"

"काम चालू आहे. येईल."

दोघं एकमेकांचा आवाज ओळखत. नाव कुणीच घेत नसे. बाप आणि लेक, दोघंही एकाच मातीचे!

फोन पुन्हा वाजला. या वेळी साहेब होते.

"काका, दवाखान्याचा जनरेटर आचके देतोय. सोडा लाइन. माझी जबाबदारी."

"त्याचा आवाज ऐकू द्या, लगेच सोडतो."

"अहो, सासऱ्या-जावयाचं भांडण घरी ठेवा! अख्ख्या गावाला कशाला वेठीला धरताय? थांबा, मीच येतो."

काकांना ते फार लागलं. खरंच तसं तर नाही? लग्नाची बातमी आली त्या दिवशी त्यांनी त्या पोराला तोंड भरून शाप दिला होता. तो आता शब्दन् शब्द आठवला. त्यांनी ब्रेकरची चावी काढून खिशात टाकली आणि वरून हात दाबून धरला.

खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. तक्रारीचा फोन वाजला.

"लाइन कधी येणार?"

काकांनी खिशातली चावी चाचपली. तिचा नवरा कुठल्या खांबावर आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती अंधारात बसून बापालाच विचारत होती.

"येईल," ते कसेबसे म्हणाले. "तू... तू दार नीट लावून घे."

"बाबा? काय झालंय?"

त्यांनी फोन ठेवून दिला. बाहेर जीप थांबली. साहेब आत आले ते हात पुढे करूनच.

"चावी द्या."

"नाही."

"नोकरी जाईल, काका."

"जाऊ द्या. आधी आवाज."

साहेबांनी त्यांच्या खिशाकडे हात नेला, तेवढ्यात ड्यूटीचा फोन खणखणला. काकांनी झडप घालून उचलला.

"सोडा लाइन." आवाजाला धाप लागली होती.

"कुठं होतास?" हा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नव्हता.

"वळणापलीकडच्या खांबावर. तिथली तारही ढिली होती, म्हटलं हातासरशी आवळून टाकू. जोडीदाराला सांगायचं राहिलं... आत्ता उतरलो. हा फोन त्याचाच."

"खाली आहेस ना?"

"खाली आहे."

"दोन्ही पाय?"

"दोन्ही पाय, बाबा."

साहेबांना सगळं ऐकू आलं होतं. ते भिंतीला टेकले, खिशाकडे नेलेला हात त्यांनी पँटला पुसला. काकांनी लाल पाटी काढली, पण चावी भोकात जाईना. शेवटी साहेबांनीच त्यांचं मनगट धरलं.

ब्रेकरचा खटका बसला. खिडकीबाहेर एकेक घर उजळलं.

काका खुर्चीत बसले न बसले तोच तक्रारीचा फोन वाजला.

"आली," ती म्हणाली.

लाइन गेल्याचे फोन त्यांनी जन्मभर घेतले होते. आल्याचं सांगायला आजवर कुणी फोन केला नव्हता.

"तोही येईल," काका म्हणाले. "खाली उतरलाय."

तिनं फोन ठेवला नाही. काकांनीही ठेवला नाही. लाल पाटी अजून त्यांच्या मांडीवरच होती.